एक देश, अनेक राजभाषा : इतिहास काय सांगतो?



जून महिना जवळ आला की आपल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास निघतो : मुलाला कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालावे? आजी म्हणते, उर्दूत घाला, नाही तर घरची जबान तुटेल. वडील म्हणतात, मराठीत घाला, कचेरीत तिच्यावाचून पान हलत नाही. थोरला भाऊ इंग्रजीचा आग्रह धरतो. वाद रात्री उशिरापर्यंत चालतो आणि ज्याच्यासाठी तो चाललेला असतो ते मूल तेवढ्यात झोपी गेलेले असते.

या वादामागे दोन भीती दडलेल्या आहेत. एक, आपली भाषा गेली तर आपण कोण उरणार? दुसरी, राज्याची भाषा आली नाही तर मुलाचे पुढे कसे होणार? या दोन्ही भीती खऱ्या आहेत. त्यांना हसून चालणार नाही. परंतु त्या केवळ आपल्याच वाट्याला आल्या आहेत, हा समज मात्र खरा नव्हे. जगातील कितीतरी देशांना एकाच छपराखाली दोन, चार, अकरा भाषा नांदवाव्या लागल्या. कोणाला ते साधले, कोणाला साधले नाही. ज्यांना साधले नाही त्यांनी त्याची जबर किंमत मोजली. माध्यमाचा निर्णय तुमचा तुम्ही घ्यालच, पण तत्पूर्वी या इतिहासाची काही पाने माझ्याबरोबर चाळावीत, एवढीच विनंती.

प्रथम तीन शब्दांतील भेद स्पष्ट करून घेऊ. आईच्या मांडीवर जी शिकली जाते ती मातृभाषा. ज्या भाषेत राज्याचा कायदा, हुकूम, अर्ज आणि दप्तर चालते ती राजभाषा. राष्ट्रभाषा हा भावनेचा शब्द आहे. आपल्या राज्यघटनेने कोणत्याही एका भाषेला राष्ट्रभाषा म्हटलेले नाही. ३४३ व्या कलमात संघराज्याची राजभाषा एवढाच उल्लेख आहे. हा भेद लक्षात ठेवला तर पुष्कळसा वाद आपोआप निवळतो.

बहुभाषी राज्याचे नाव काढले की सर्वांना प्रथम स्वित्झर्लंड आठवते. १८४८ च्या राज्यघटनेने तेथे जर्मन, फ्रेंच आणि इटालियन या तिन्ही भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा दिला. डोंगराळ भागात राहणाऱ्या मूठभर लोकांची रोमान्श नावाची चौथी भाषा होती. २० फेब्रुवारी १९३८ रोजी तिच्यासाठी सार्वमत घेण्यात आले आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी तिला चौथी राष्ट्रीय भाषा म्हणून कौल दिला. विचार करा, मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती भाषा येतही नव्हती. शेजारच्या देशांत वंश आणि भाषा यांच्या नावाने आग पेटत असताना या लोकांनी मूठभरांच्या भाषेला आपली म्हटले.

परंतु येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रत्येक स्विस माणूस चार भाषा बोलतो असे नाही. तेथे २६ प्रांत आहेत, त्यांना कँटन म्हणतात. त्यांपैकी १७ जर्मन, चार फ्रेंच आणि एक इटालियन भाषेत कारभार करतो. तीन प्रांत दुभाषी आहेत आणि एकच प्रांत तीन भाषांचा आहे. म्हणजे ज्या प्रांतात राहावे त्याची भाषा शिकावी, आणि केंद्र सरकारने मात्र नागरिकाला त्याच्या भाषेत उत्तर द्यावे, असा हा व्यवहार आहे. हक्क आणि कर्तव्य दोन्ही त्यात एकत्र बांधले आहेत.

याहूनही बोधप्रद गोष्ट फिनलंडची आहे. हा देश १८०९ पर्यंत स्वीडनच्या ताब्यात होता. शेतकरी, कोळी, मजूर फिनिश बोलत. सरकारी अधिकारी, न्यायाधीश, प्राध्यापक स्वीडिश. फिनिश मुलाला शिकायचे तर घरची भाषा उंबऱ्यावर ठेवून शाळेत जावे लागे. १८०९ नंतर देश रशियाच्या झारकडे गेला, तरी कचेरीची भाषा स्वीडिशच राहिली. १८५८ साली युवास्क्युला या गावी फिनिश माध्यमाची पहिली माध्यमिक शाळा निघाली. १८६३ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याने हुकूम काढला की फिनिश लोकांसंबंधीच्या कामात वीस वर्षांच्या आत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीने स्थान मिळावे. या हुकुमासाठी ज्याने खटपट केली तो स्नेलमन नावाचा विद्वान स्वतः स्वीडिशमध्ये लिहिणारा होता! आपली भाषा सत्तेवर असताना त्याने दुसऱ्याच्या भाषेसाठी जागा मागितली. त्याच्या जन्मशताब्दीला, १९०६ साली, हजारो कुटुंबांनी आपली स्वीडिश आडनावे बदलून फिनिश आडनावे घेतली.

पुढे १९१७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि पारडे फिरले. आता फिनिशभाषक बहुसंख्य आणि सत्ताधारी झाले. सूड घ्यायचा तर तीच वेळ होती. परंतु १९१९ च्या राज्यघटनेने फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही राष्ट्रीय भाषा ठरवल्या आणि १९२२ मध्ये भाषेचा कायदा झाला. आज स्वीडिशभाषक तेथे सुमारे पाच टक्केच आहेत. तरीही ज्या गावात अल्पसंख्य भाषकांची संख्या आठ टक्के किंवा तीन हजार भरते, ते गाव दुभाषी मानले जाते. हेलसिंकी शहरात रस्त्याच्या पाटीवर वर फिनिश नाव असते, खाली स्वीडिश. त्या खालच्या ओळीने वरच्या ओळीचा मान कमी झाला, असे तेथे बहुसंख्यांना वाटत नाही.

याच फिनलंडमध्ये आपल्या दीनाची एक लहानशी जमात राहते, हे तुमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातील व्होल्गा नदीच्या बाजूने काही तातार मुसलमान कापडचोपड आणि फरचे कपडे विकत तेथे पोहोचले आणि स्थायिक झाले. १९२५ मध्ये त्यांनी आपली जमात रीतसर नोंदवली. संख्या हजाराहूनही कमी. या लोकांनी फिनिश शिकून घेतली, दुकानदारीसाठी स्वीडिशही शिकली, आणि घरात, मशिदीत, मुलांच्या सुटीतील वर्गात तातार भाषा चालू ठेवली. आज त्यांची चौथी-पाचवी पिढी पक्की फिनिश नागरिक आहे आणि तातारही बोलते. ही भाषा सरकारने टिकवली नाही. ती आयांनी आणि आज्यांनी टिकवली. हे उदाहरण मनात जपून ठेवा, त्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

आता दुसरी बाजू पाहू. ती आपल्याला अधिक जवळची आणि अधिक क्लेशदायक आहे.

१९४७ मध्ये पाकिस्तान निर्माण झाले. धर्म एक, म्हणून राष्ट्र एक. आणि राष्ट्र एक, म्हणून भाषा एक, असे सरळ गणित त्याच्या नेत्यांनी मांडले. वस्तुस्थिती अशी होती की देशातील निम्म्याहून अधिक लोक बंगाली बोलत. उर्दू ही थोड्यांचीच मातृभाषा होती. पंजाबी, सिंधी, पठाण, बलुच यांच्या घरी वेगवेगळ्याच भाषा होत्या. फेब्रुवारी १९४८ मध्ये धीरेंद्रनाथ दत्त या सभासदाने घटना समितीत मागणी केली की इंग्रजी आणि उर्दूबरोबर बंगालीतही बोलण्याची मुभा असावी. मागणी फेटाळली गेली. २१ मार्च १९४८ रोजी ढाक्याच्या मैदानावर कायदे आझम जीना यांनी जाहीर केले की पाकिस्तानची राजभाषा उर्दूच राहील, दुसरी कोणतीही नाही. इतिहासाचा खेळ पाहा : जीनांच्या घरची भाषा गुजराती होती आणि हे भाषण त्यांनी इंग्रजीत केले.

१९५२ च्या जानेवारीत पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांनी हीच घोषणा पुन्हा केली. २१ फेब्रुवारी रोजी ढाक्यातील विद्यार्थी जमावबंदी मोडून रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळीबार केला. अबुल बरकत, रफिकुद्दीन अहमद, अब्दुल जब्बार, अब्दुस सलाम. दुसऱ्या दिवशी शफीउर रहमान. नावे वाचा. मरणारे मुसलमान होते आणि गोळी झाडण्याचा हुकूम देणारे सरकारही मुसलमानांचे होते. एक कलमा, एक किब्ला, तरीही आईच्या भाषेसाठी रक्त सांडले.

चार वर्षांनी, १९५६ च्या राज्यघटनेत, उर्दू आणि बंगाली दोन्ही राजभाषा झाल्या. परंतु उशिरा आणि नाखुषीने दिलेल्या हक्काने तुटलेले मन सांधत नाही. भाषेत उघडलेली भेग पुढे नोकऱ्यांत, व्यापारात, सैन्यात आणि निवडणुकीत रुंद होत गेली आणि १९७१ मध्ये बांगलादेश वेगळा झाला. त्यानंतर तेथे राहिलेल्या उर्दूभाषक बिहारी मुसलमानांची पाळी आली. त्यांनी वर्षानुवर्षे छावण्यांत काढली. तेथील उच्च न्यायालयाने त्यांचे नागरिकत्व स्पष्ट शब्दांत मान्य करायला २००८ साल उजाडावे लागले. म्हणजे भाषेच्या सक्तीने प्रथम बंगाली होरपळले आणि अखेरीस उर्दूभाषकही. १९९९ मध्ये युनेस्कोने २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन ठरवला. आपल्या शाळांतून तो साजरा होतो तेव्हा त्यामागची ही कहाणी मुलांना जरूर सांगा.

श्रीलंकेनेही हीच चूक केली. १९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली. दोन भाषा मानाल तर देश एक राहील, एकच मानाल तर देश दोन होतील, असा इशारा कॉल्विन डी सिल्व्हा यांनी त्या वेळी संसदेत दिला होता. तो कोणी ऐकला नाही. १९८७ च्या घटनादुरुस्तीने तमिळही राजभाषा झाली, पण तोवर १९८३ पासून यादवी युद्ध पेटले होते. ते २००९ पर्यंत चालले. कायद्याच्या एका वाक्याला किती कबरी लागतात, हे त्या बेटाने पाहिले.

दक्षिण आफ्रिकेची हकिकत तर विलक्षणच आहे. आफ्रिकान्स म्हटले की आपल्याला गोऱ्या जुलमी राजवटीची भाषा आठवते. १६ जून १९७६ रोजी सोवेटो येथे हजारो काळी मुले शाळेत या भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. परंतु या भाषेच्या बाल्यातील काही लेखन केपटाउनच्या मुसलमानांनी केले आहे, तेही अरबी लिपीत! डच लोकांनी आग्नेय आशियातून आणि हिंदुस्थानातून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांची ती संतती. त्यांच्या धार्मिक शिक्षणासाठी तुर्कस्तानच्या सुलतानाने अबू बक्र एफेंदी या आलिमाला पाठवले. त्यांनी या लोकांच्या बोलीत, अरबी अक्षरांत, 'बयानुद्दीन' हा मसल्यांचा ग्रंथ लिहिला. तो १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. गुलामांच्या मदरशात जी भाषा दीन शिकवत होती, तीच शंभर वर्षांनी सत्ताधीशांच्या हाती छडी बनली. दोष भाषेचा नव्हता, सक्तीचा होता. म्हणूनच वर्णद्वेषी राजवट गेल्यावर १९९६ च्या राज्यघटनेने आफ्रिकान्सला हाकलले नाही. तिच्यासह अकरा भाषांना राजभाषा केले. २०२३ मध्ये मूकबधिरांची खुणांची भाषा बारावी झाली.

आता आपल्या घरी येऊ. इतिहास वाचताना दुसऱ्याच्याच चुका मोजणे प्रामाणिकपणाचे नाही. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवून दाखवली. देशी भाषेत उच्च शिक्षण देता येते हे सिद्ध करणारा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्याच राज्यात बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलत होती. औरंगाबाद-परभणीकडील मराठी शेतकऱ्याच्या मुलाला दरबाराची भाषा परकी वाटत होती, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. ढाक्याच्या विद्यार्थ्याचे दुःख ज्याला कळते, त्याला हेही कळावे.

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांपुढे हे सारे प्रश्न होते. बऱ्याच वादानंतर १४ सप्टेंबर १९४९ रोजी तोडगा निघाला : देवनागरी लिपीतील हिंदी संघाची राजभाषा, इंग्रजी काही काळ सोबतीला, आणि प्रत्येक राज्याला आपली भाषा ठरवण्याची मोकळीक. दक्षिणेचा विरोध लक्षात घेऊन १९६३ च्या कायद्याने इंग्रजीचा वापर पुढेही चालू ठेवला. आठव्या परिशिष्टात सुरुवातीला १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. उर्दू आणि मराठी दोन्ही पहिल्यापासून आहेत. २९ व्या कलमाने आपली भाषा आणि लिपी जपण्याचा, ३० व्या कलमाने आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला. ज्या संस्थेच्या स्मरणिकेत तुम्ही हे वाचत आहात, तशा संस्था याच कलमाच्या आधारावर उभ्या आहेत. १९५६ मध्ये आलेले ३५० (क) हे कलम सांगते की अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी.

राज्यांनी आपापल्या परीने मार्ग काढले. गोव्याच्या १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. उत्तर प्रदेशाने १९८९ मध्ये उर्दूला दुसरी राजभाषा केले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये ते वैध ठरवले. महाराष्ट्राची राजभाषा १९६४ च्या अधिनियमाने मराठी झाली, आणि ते न्याय्यच आहे.

मग उर्दूचे महाराष्ट्रात स्थान काय? याचे उत्तर एका छोट्या गावाने मिळवून दिले. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर वर मराठी आणि खाली उर्दू नाव आहे. त्यावर हरकत घेतली गेली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की राजभाषा मराठी असली तरी तिच्या जोडीने उर्दू लिहिण्यास कायद्याची मनाई नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे. भाषा लोकांची असते आणि उर्दू याच भूमीत जन्मली आहे, असे न्यायमूर्तींनी बजावले. हेलसिंकीची पाटी आठवते ना? वर एक ओळ, खाली एक ओळ. पातूरची पाटीही तशीच आहे.

परंतु बंधुभगिनींनो, न्यायालयाचे हे वाक्य दुधारी आहे, हे ध्यानात घ्या. भाषा धर्माची नसेल तर उर्दू जशी एकट्या मुसलमानांची नाही, तशी मराठीही एकट्या हिंदूंची नाही. कोकणातला आपला माणूस घरात कोकणी बोलतो, सोलापूर-नगरकडे दखनी आणि मराठी यांची सरमिसळ असते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत संतवाङ्मय रचले. बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपल्या पहाडी आवाजाने मैदाने गाजवत होते. आणि तलाठ्याच्या कचेरीतील मराठी ऐका : अर्ज, तारीख, हजर, जमीन, महसूल, तालुका, जिल्हा, वकील, फिर्याद. हे शब्द आपल्या बाजूने तिच्या घरी गेले आणि तिने ते पोटच्या पोरासारखे वाढवले. ज्या घरात आपले एवढे आप्त नांदतात, ते घर परके कसे?

तर मग मुलाला कोठे घालावे? सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर इतिहास देत नाही. पण तीन गोष्टी तो निश्चित सांगतो. पहिली, मुलाचे पहिले शिक्षण त्याला समजणाऱ्या भाषेत व्हावे. दुसरी, ज्या राज्यात राहायचे त्याची भाषा नुसती पास होण्यापुरती नव्हे, तर अर्ज लिहिता येईल, सभेत बोलता येईल, कायदा वाचता येईल इतकी आली पाहिजे. उर्दू माध्यमाचा मुलगा दहावीला उत्तम गुण मिळवतो आणि सातबाऱ्याचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घेतो, हे चित्र आपल्याला नवीन नाही. ही त्याच्या बुद्धीची उणीव नाही, आपल्या नियोजनाची आहे. उर्दू शाळांत मराठीचा शिक्षक चांगला असावा, हा आग्रह पालकसभेत आपणच धरला पाहिजे.

तिसरी गोष्ट मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या पालकांसाठी. मूल तिकडे गेले म्हणून उर्दू संपली, अशी खंत करत बसू नका. त्या तातार आया आठवा. त्यांच्यामागे ना सरकार होते, ना संख्या. रोज अर्धा तास आजीजवळ बसून मूल अक्षरे गिरवील, आठवड्यातून एक पत्र मामाला उर्दूत लिहील, तर भाषा जिवंत राहील. आणि ते होणार नसेल, तर दोष शाळेला देऊ नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या तहसीलदार होईल, कोणी नगरपरिषदेत निवडून जाईल, कोणी न्यायासनावर बसेल. तुमच्यासमोर एखादा माणूस येईल, ज्याची भाषा तुमच्या भाषेहून वेगळी असेल, कदाचित गोंडी, कदाचित भिल्ली, कदाचित परप्रांतातली. त्या क्षणी सत्ता तुमच्या हाती असेल. ढाक्याच्या मैदानावरचा आवाज काढायचा, की स्नेलमनसारखी दुसऱ्यासाठी जागा करायची, हे तेव्हा तुम्हाला ठरवावे लागेल. आपल्या भाषेसाठी जो न्याय आपण मागतो, तो दुसऱ्याला देण्याची तयारी ठेवा. एवढे शिकलात, तर माध्यम कोणते होते हे कोणी विचारणार नाही.